खुणेपासून सतरा मीटर

“किती मीटर?” साठम सरांनी दोरखोलीच्या दारातूनच विचारलं.

“चढायला साठ, उतरायला पन्नास.”

“आणि कवदोर?”

“चार मीटर. बेहड्याचा घेर छातीच्या उंचीला तीन मीटर दहा आहे. साठ सेंटिमीटर मागे रेलायला, वीस गाठींना, दहा तुमच्या पोटाला.”

सर खळखळून हसले. “माझं पोट दहात बसवलंस? भिवा, ऐकलंस का रे? ही पोरगी मोजल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही.”

भिवाकाका उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होते. ते नुसते “होय” म्हणाले. सरांच्या विनोदाला ते तेवढंच म्हणायचे.

“मग ठरलं,” सर म्हणाले. “परवा माझे दोर तूच निवडायचे, तूच भरायचे. तीस पोरं येतायत, कोरगावकर बाई येतायत वनखात्याच्या. म्हाताऱ्याला झाडावर चढताना बघायला. नीट पाठव मला वर.”

“पाठवते,” मी म्हणाले.

अकरा वर्षं झाली याला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन कुडवळच्या जंगलात धनेश पक्ष्यांच्या घरट्यांवर काम करणाऱ्या प्रकल्पात दाखल होऊन मला सात महिने झाले होते. धनेशाची मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून भोक लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी उरते. नर बाहेरून चारा आणतो. ते सगळं बघायचं, मोजायचं, तर माणसाला चोवीस मीटर वर तासन्‌तास लटकावं लागतं. त्यासाठी कमरेला आणि मांड्यांना रुंद पट्ट्यांचा एक पाळणा असतो, त्याला आम्ही खोगीर म्हणायचो. खोगिराला दोर, दोराला फांदी, बुंध्याला कव घालून माणसाला धरणारा कवदोर, आणि या सगळ्याचा हिशेब ठेवायला दोरखोलीत मी.

तिथे आल्यावर पहिल्याच दिवशी एक वाक्य माझ्या कानावर पडलं. एक मुलगी उतरायचा दोर पिशवीत भरत होती. तिला शेजारचा म्हणाला, “टोकाला गाठ मार गं. हेरंब होऊ नकोस.”

“हेरंब म्हणजे?” मी विचारलं.

“होता एक. गाठ न मारता उतरला. दोर संपला, तो नाही थांबला.” आणि तो मुलगा हसला. वाईट नव्हता तो. त्याने हेरंबला कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्यासाठी ते नाव नव्हतं, एक क्रियापद होतं.

साठम सर दर शिबिरात त्यावर अर्धा तास बोलायचे. “हुशार पोरगा होता, पण बेफिकीर.” बेफिकीर म्हणताना ते डोळे मिटायचे आणि पोरं वहीत लिहून घ्यायची.

हेरंब माझा मावसभाऊ. मावशी गेल्यावर तो चार वर्षांचा असताना आमच्या घरी आला आणि माझ्या आईलाच आई म्हणू लागला. आडनाव वेगळं, म्हणून प्रकल्पात कोणाला पत्ता लागला नाही. मीही लागू दिला नाही. हा बेफिकीर मुलगा घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघायचा.

तो गेला, त्यानंतर दोन महिन्यांनी पोलिसांनी त्याच्या वस्तू परत केल्या. एका गोणपाटात त्याची चप्पल, घड्याळ, खोगीर आणि तो दोर होता. आईने गोणपाट उघडलं नाही. मी उघडलं. दोर गच्चीवर पसरून फूटपट्टीने मोजला, कारण मला दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. प्रकल्पाच्या कागदात त्याची लांबी पन्नास मीटर होती. भरली बेचाळीस.

दुहेरी उतरायच्या दोराला मधोमध काळ्या दोऱ्याची खूण असते. वर पोचलेला माणूस ती खूण फांदीवर येईल असा दोर टाकतो, दोन्ही टोकं खाली सोडतो आणि दोन्ही पदर एकत्र धरून उतरतो. खूण मधोमध असेल तर टोकं सारखी येतात. या दोराला एका बाजूला पंचवीस मीटर होते आणि दुसऱ्या बाजूला सतरा.

चोवीसमधून सतरा गेले, सात. हेरंब सात मीटरवरून पडला होता. हा हिशेब पोलिसांनी केला नव्हता. त्यांच्या कागदावर ‘दोर अखंड, दोष नाही’ असं होतं, आणि ते खरंच होतं. दोर कुठे तुटला नव्हता. तो कोणीतरी कापला होता, टोक वितळवून बंद केलं होतं, आणि खूण तिथेच राहू दिली होती.

ते आठ मीटर शोधायला मी कुडवळला आले होते.

सापडायला सात आठवडे लागले. आणि ते कुठे होते? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सरांच्या जीपच्या टपावर ताडपत्री बांधली होती, त्या दोराला. उन्हाने रंग उडाला होता, पण घरच्या दोरातल्यासारखाच लाल सुताबरोबर जाणारा निळा धागा ओळखू येत होता. एका दुपारी सर तालुक्याला एसटीने गेले होते, तेव्हा मी तो सोडला. चिरून आतली पातळ पट्टी काढली. तिच्यावर कारखान्याचं नाव आणि साल होतं. आमच्या घरच्या दोरातलंच. लांबी भरली सात मीटर साठ. राहिलेले चाळीस सेंटिमीटर कुठे गेले म्हणून मी तीन दिवस अस्वस्थ होते. मग त्याच जातीचा एक मीटर तुकडा पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवला आणि मोजला. पंच्याण्णव सेंटिमीटर. दोर आटतो. हिशेब जुळला.

ताडपत्री मी दुसऱ्या दोराने बांधली. तुकडा माझ्या ट्रंकेत गेला. सरांच्या लक्षातही आलं नाही.

“हा कोणी कापला?” मी भिवाकाकांना विचारलं होतं. ते गावातले, माडावर, सुरंगीवर, मधाच्या पोळ्यांपर्यंत चढण्यात उभं आयुष्य गेलेलं. प्रकल्पात पहिल्या दिवसापासून होते.

त्यांनी तुकडा हातात घेतला आणि लगेच परत दिला, चटका बसल्यासारखा. “साहेबान. माझ्या म्होरं. ताडपत्री उडत होती. साहेबच म्हणालो, नवो दोर येतलो हा पुढच्या आठवड्यात, कापूया.”

“आणि वहीत?”

प्रत्येक दोराची दोरवहीत पानं असायची. कधी घेतला, किती वापरला, कुठे झिजला.

“वहीत काय लिवल्यान ता माका वाचूक येणा नाय, बाय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून: “तू हेरंबाची कोण गो?”

मी तुकडा गुंडाळून ठेवला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वही मी आधीच पाहिली होती. सातव्या क्रमांकाचा, म्हणजे हेरंबचा, दोर: पन्नास मीटर. शेवटपर्यंत पन्नास.

सरांकडे जाऊन हे सगळं टेबलावर मांडावं, असं मला एकदाही वाटलं नाही. ते काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. ‘कोणी कापला कोणास ठाऊक. आणि गाठ? गाठ त्याने मारली नव्हतीच ना?’ हेही खरं होतं. गाठ हेरंबने मारली नव्हती.

म्हणून सर चढणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी दोरखोलीचं दार लावून घेतलं आणि विचार केला, अगदी प्रयोगवहीत करावा तसा.

माणसाला दोराने मारायच्या वाटा पुष्कळ आहेत. चढायच्या दोरावर जी सरकगाठ असते, ती दोरापेक्षा बारीक दोरीची लागते. अकरा मिलिमीटरच्या दोरावर आठची. अकरावर अकराचीच बांधली तर ती पकडत नाही, घसरते. किंवा कवदोर ताणणारा द्यायचा. मागे रेललं की तो रबरासारखा लांबतो आणि माणूस बुंध्यावरून निसटतो. दोन्ही वाटा मी कागदावर लिहिल्या आणि दोन्ही खोडल्या. त्यात माझं कर्तृत्व होतं. मला माझं काहीच नको होतं. त्यांचंच त्यांना परत द्यायचं होतं, जसंच्या तसं, त्यांच्या हातच्या लांबीचं.

बाकी सगळं मी चोख निवडलं. चढायला अकराचा, कमी ताणाचा, नवा दोर. सरकगाठीला आठची दोरी. कवदोर चार मीटर, बुंध्यावर घासेल तिथे कातड्याची नळी. कोणी तपासलं असतं तर दहापैकी दहा गुण दिले असते.

उतरायच्या पिशवीत मी सातव्या क्रमांकाचा दोर भरला. तो मी सुट्टीवरून परतताना घरून आणला होता. आईला म्हटलं होतं, अभ्यासाला हवाय. काळी खूण वर, हाताला पहिली लागेल अशी. टोकं तळाशी, गाठीविना.

*

सकाळी साडेआठला सगळे बेहड्याखाली जमले. कोरगावकर बाई खाकी साडीत, पायात बूट, हातात वही. पोरं वरच्या उतारावर ओळीने बसली होती. बेहड्याच्या बुंध्याभोवती अंजनीच्या झाडांची दाटी आहे, सात-आठ मीटर उंच. तिच्या आत शिरलं की वरचं काही दिसत नाही, आणि वरच्याला खालचं.

आमच्यात एक रीत होती. ज्याने दोर बांधला त्याने तपासायचा नाही; दुसऱ्याने प्रत्येक गाठीला, प्रत्येक कडीला हात लावायचा आणि ‘हात लावला’ असं मोठ्याने म्हणायचं. चढणाऱ्याने ते ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. पण सर स्वतः चढायचे तेव्हा रीत नुसती तोंडापुरती राहायची.

“हेल्मेट कुठाय माझं?” सरांनी विचारलं.

ते जीपमध्ये राहिलं होतं. मी आणायला गेले. परत आले तेव्हा सर खोगिराचे पट्टे आवळत होते आणि भिवाकाका त्यांच्या पायाशी उकिडवे बसले होते.

“झालं का रे भिवा? का मुहूर्त बघायचाय?”

“हात लावलंय,” भिवाकाका उठत म्हणाले.

“सरकगाठ पण बघितलीत?” मी विचारलं. माझा आवाज मला परका वाटला.

“सगळ्याक लावलंय, बाय,” ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता उताराकडे चालू लागले.

सर पोरांकडे वळले. “बघा, सगळं सामान या सुहितानं निवडलंय. मी काहीही तपासलेलं नाही. का? विश्वास! पण तुम्ही असं करायचं नाही, तुम्हाला माझ्याएवढी चांगली सुहिता मिळणार नाही.” पोरं हसली. “आणि टोकाला गाठ. काय व्हायचं नाही?”

“हेरंब!” पोरं एका सुरात ओरडली.

त्याआधी माझ्या मनात काही शंका असेलच, तर ती तिथे संपली.

सर छान चढले. पंचावन्नाव्या वर्षी तसं चढणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. वर पोचून ते खोगिरात रेलले आणि ओरडून माहिती देऊ लागले: ढोलीची फट किती, लिंपण ओलं आहे का, खाली पडलेल्या बिया कसल्या. वीस मिनिटं ते बोलत होते. मी खालचा माणूस होते. उतरणाऱ्याच्या दोरापाशी थांबायचं, टोकं जमिनीला टेकलीत का ते बघायचं आणि ‘टेकली’ अशी हाक द्यायची, हे खालच्याचं काम. मी अंजनीच्या आत शिरले.

“दोर!” वरून हाक आली.

पानं सळसळली आणि एक टोक माझ्या पायाशी पाचोळ्यात येऊन बुडालं. एकच. दुसरं कुठे असेल ते मला माहीत होतं. डोक्यावर, सात मीटर वर, पानांच्या मागे.

“टेकली का गं?”

एक हाक पुरली असती. ‘थांबा, सर’ एवढे दोन शब्द. मी तोंड उघडलं.

“टेकली,” मी म्हणाले.

सात मीटर पडायला एक पूर्णांक दोन दशांश सेकंद लागतो. जमिनीला पोचताना ताशी बेचाळीस किलोमीटरचा वेग असतो. हे मला पाठ होतं. एखाद्याला आरती पाठ असते तसं. मी बुंध्याला पाठ लावून उभी राहिले, डोळे मिटले. वरून पदर घासल्याचा आवाज येऊ लागला. सर गुणगुणत उतरत होते. आवाज जवळ आला. आता ते दहा मीटरवर असतील. नऊ. आठ. मी मोजायला लागले. एक. दोन. तीन.

काही पडलं नाही.

“अरे!” सर ओरडले. “काय अडकलं? सुहिता!”

मी अंजनीतून धावत बाहेर उतारावर आले. सर अंजनीच्या शेंड्यांवर खोगिरात लटकत होते, दोन्ही पाय हवेत, एखाद्या पिशवीसारखे गोल फिरत. उतरायच्या कडीत खालून एक भलीमोठी गाठ येऊन घट्ट बसली होती. एका पदराला. दुसरा पदर तसाच खाली अंजनीत गेला होता.

ती गाठ मी कितीतरी वेळ बघत राहिले.

“टेकली म्हणालीस ना?” सर वैतागले होते, पण पोरं बघत होती म्हणून हसत होते. “एक पदर आखूड कसा? कुठला दोर दिलास?”

आणि तेव्हा माझा आवाज परत आला.

“सात नंबरचा, सर.”

“मग? पन्नासचा आहे तो.”

“मोजलाय कोणी?”

सर फिरत फिरत माझ्याकडे आले, पुढे गेले, परत आले. “वहीत आहे.”

“वहीत आहे. काळी खूण मधोमध आहे ना सर? तुम्ही वर बघितलीत?”

“हो, खुणेवरच टाकला मी—” आणि ते गप्प झाले. मग त्यांनी हातातल्या दोराकडे पाहिलं. निळ्या धाग्याकडे पाहिलं. मग खाली अंजनीकडे, जिच्यात हेरंब पडल्यावर ते चार वर्षांपूर्वी धावत आले होते.

मी कुडत्याखाली कमरेला गुंडाळलेला तुकडा सोडला. तो मी कशासाठी आणला होता, हे मला त्या सकाळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी तो वर धरला. “हा कुठला, सर?”

“मला आधी खाली घ्या. भिवा!”

भिवाकाका एका दगडावर बसले होते. ते उठले नाहीत. “साहेब, पोरगी इचारता ता सांगा. माका घाय नाय.”

पोरांमध्ये कुजबुज थांबली. कोरगावकर बाई म्हणाल्या, “डॉक्टर साठम, काय प्रकार आहे हा?”

“काही नाही मॅडम, जुना दोर चुकून—”

“हेरंब याच दोरावरून पडला,” मी म्हणाले. “याच फांदीवरून. हा दोर बेचाळीस मीटर आहे. खूण पन्नासच्या जागी आहे. हे उरलेले आठ. हे सरांच्या जीपवर होते. कोणी कापले, सर?”

“सुहिता, तू कोण आहेस त्याची?”

“ते मग सांगते. कोणी कापले?”

ते लटकत होते. अंजनीला फुलं आली होती, निळी-जांभळी, आणि ती त्यांच्या बुटांना लागत होती. वर ढोलीजवळ नर धनेश आला, माणसं बघून फांदीवरच बसून राहिला. त्याच्या पंखांचा आवाज सगळ्यांनी ऐकला, इतकी शांतता होती.

“मी,” सर म्हणाले.

“मोठ्यानं.”

“मी कापला! ताडपत्रीला. नवीन दोर यायचा होता, हा बाद करणारच होतो. वहीत लिहायचं राहून गेलं.”

“आणि खूण?”

“तीही राहून गेली.”

“तेव्हा टोकाला गाठ मारायचा नियम होता?”

“नव्हता,” ते म्हणाले. “गाठ फांदीत अडकते म्हणून मीच नको म्हणायचो. नियम नंतर केला.”

ओळीतल्या पोरांपैकी एकाने वही मिटली. तो आवाज मला अजून आठवतो.

भिवाकाका उठले. चढायच्या दोरावरून वर गेले, सरांना आपल्या खोगिराला जोडून घेतलं, अडकलेली कडी मोकळी केली आणि त्यांना खाली उतरवलं, एखाद्या वासराला पाण्यातून काढावं तसं, शांतपणे, पाठीवर हात ठेवून.

सर खाली बसले. कोरगावकर बाई त्यांच्याजवळ जाऊन बोलू लागल्या, वहीत लिहू लागल्या. मधेच सरांनी मला हाक मारली. मी गेले.

“त्याची बहीण?”

“हो.”

“तू गाठ मारलीस,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि या खेपेला ते मिटलेले नव्हते. “मी तुझ्या जागी असतो तर मारली नसती. तू मारलीस.”

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पोरंही बघत होती. मी हातातला तुकडा गुंडाळायला लागले.

*

संध्याकाळी पाच-साडेपाचला मी दोरखोलीत गेले. भिवाकाकांनी सातव्या क्रमांकाचा दोर वेटोळं करून खुंटीला लावला होता. आखूड टोकावर गाठ तशीच होती. लांब टोकालाही तसलीच. आम्ही सगळे मारायचो त्या आठाच्या गाठीसारखी ती नव्हती. जाड, तीन वेढ्यांची, आतून पदर काढलेली.

“ही कुठली गाठ?” मी विचारलं.

“माडार चढताना कोयत्याच्या दोरयेक मारतत. माझ्या बापाशीन शिकवल्यान.”

मी ट्रंकेवर बसले. “तुम्ही पिशवी उघडलीत.”

“तू हेलमेट आणूक गेलंस तेवा. काल सांजेक तू दार लावून बसललंस, तेवाच माका समाजला.” ते माझ्यासमोर बसले. तंबाखू काढली, पण मळली नाही. “टोकां उघडी होती. सगळा लख्ख, आणि टोकां उघडी. तुझ्या हातची टोकां कदी उघडी नसतत, बाय.”

“मग सगळ्यांसमोर का नाही बोललात? मला का नाही अडवलंत?”

“अडावलंय तर तू परत केलं असतंस. दुसऱ्या खंयच्या तरी दिसाक.”

मला रडू आलं नाही. राग आला. माझ्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतल्यासारखा राग. “तुम्हाला काय पडलंय त्यांचं? तुम्हीच म्हणालात, त्यांनी कापला. तुमच्या समोर.”

“तेंचा माका कायएक पडलला नाय,” ते म्हणाले. त्यांनी खुंटीकडे पाहिलं. “त्या दिसाक खालचो माणूस मी होतंय. हेरंबान दोर सोडल्यान. माझ्या पायाकडे एकच टोक इला. एकच. दुसरा अंजनीत अडाकला असात, म्हटलंय. आभाळ भरलला, साहेब जीपीतसून हॉर्न मारी होतो. ‘टेकली काय, काका?’ म्हणान त्येना इचारल्यान.”

त्यांनी तंबाखू परत ठेवून दिली.

“टेकली, म्हटलंय,” भिवाकाका म्हणाले.

बाहेर पोरं सामान बसमध्ये चढवत होती. कोणीतरी कोणाला तरी काही सांगत होतं, हसत नव्हतं.

“तू पण आज ताच म्हटलंस,” ते म्हणाले. “मी दगडार बसान आयकलंय. मागीर रातीची झोप कशी लागता ता माका म्हायत आसा. तुका नको म्हटलंय.”

सरांनी महिन्याभरात प्रकल्प सोडला. चौकशी झाली, पोलिसांचा कागद बदलला, आईच्या नावाने एक पत्र आलं. त्यात ‘मृताची कोणतीही बेफिकिरी आढळून येत नाही’ असं वाक्य होतं. आईने ते वाक्य कापून देव्हाऱ्यात ठेवलं. कुडवळात पुन्हा कोणी कोणाला हेरंब होऊ नकोस म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं. बाईंच्या अहवालात त्या सकाळबद्दल दोन ओळी आहेत: ‘सुरक्षेसाठी दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या होत्या. कु. सुहिता यांनी पूर्ण खबरदारी घेतली होती.’ मी त्याखाली सही केली आहे.

आता दोर निवडायला, मोजायला, खूण तपासायला मीच शिकवते. शिबिरात कोणी ना कोणी ती गोष्ट ऐकून आलेलं असतंच. ‘मॅडम, तुम्ही त्यांना फक्त अडकवणार होतात ना? गाठ होतीच ना?’

‘होतीच,’ मी म्हणते. खोटं नाही ते.

भिवाकाका गेल्या मार्गशीर्षात गेले. त्यांच्या दहाव्याला जाऊन आले आणि परतल्यावर दोर काढून टेबलावर ठेवला. अजूनही तो बेचाळीस मीटर आहे. थोडा आटला असेल, मी मोजलेला नाही. दोन्ही टोकांच्या गाठी जशाच्या तशा आहेत. त्यांची चित्रं मी काढली आहेत, तीन बाजूंनी. वेढे मोजले आहेत. दुसऱ्या दोरीवर पुष्कळदा प्रयत्न करून पाहिला. आतला एक पदर कुठून कुठे जातो ते बाहेरून दिसत नाही. त्यामुळे ती गाठ मला अजून मारता येत नाही. शिकायची तर आधी ती सोडावी लागेल.